पालखीमार्गावरील पटकी : बारामती व इंदापूर

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे दोन तालुके देहूहून पंढरपुरास जाणाऱ्या संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवर आहेत. आषाढी वारीतील हजारो, आणि अलीकडे लाखो, माणसे दरवर्षी काही दिवस या तालुक्यांतील गावांचे पाणी पितात, त्यांच्या शिवारांत मुक्काम करतात आणि पुढे जातात. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत पटकी (कॉलरा) या रोगाच्या प्रसाराचा आणि प्रतिबंधाचा जो इतिहास महाराष्ट्रात घडला, त्याचा मोठा भाग पंढरपूरच्या यात्रेशी निगडित आहे. त्या इतिहासाचे लेखन बहुधा पंढरपूर या एका टोकाकडून झाले आहे. वाटेवरच्या गावांकडून पाहिले असता तो काहीसा वेगळा दिसतो. कारण पटकी माणसाबरोबर चालत आली, तरी ती पसरली ती पाण्यातून, आणि ते पाणी गावांचे होते.

तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस पालखी नेण्याची प्रथा सुरू केली. आजच्या क्रमानुसार पालखी उंडवडी गवळ्याची येथून बारामतीस येते. तेथून काटेवाडीमार्गे सणसर, बेलवाडीवरून पुढे आंथुर्णे व निमगाव केतकी, नंतर इंदापूर आणि शेवटी नीरा नदीकाठचे सराटी असे मुक्काम होत जातात. काटेवाडीत परीट समाजाकडून पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात व पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. सराटी येथे पादुकांना नीरास्नान घडते. नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मात्र सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण या वाटेने जाते. ती निराळी वाट असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.

हा सर्व प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. पावसाचे वार्षिक मान सु. ५०० मिमी.च्या आसपास असून तेही बेभरवशाचे असते. कऱ्हा, नीरा व भीमा या नद्या सीमेवरून किंवा कडेने वाहतात; मधल्या माळावर विहीर, बारव आणि ओढ्यातील झरा एवढाच आधार असे. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये रयतवारी मोजणीच्या सुधारित पद्धतीचा आरंभ इंदापूर तालुक्यातच केला. सुरुवातीच्या जबर आकारणीने येथील शेतकरी जमिनी टाकून जात होता, हे त्यामागचे एक कारण होते. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला (१८८५). भाटघरचे धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. कालव्याने बारामतीच्या शेतीचे रूप पालटले व पुढे उसाचे क्षेत्र वाढले. परंतु वारकऱ्याच्या दृष्टीने कालवा म्हणजे वाटेवर आयते मिळालेले वाहते पाणी होते. स्नान, कपडे धुणे, भांडी घासणे व पिणे ही सर्व कामे एकाच काठावर उरकली जात, आणि वरच्या गावाने वापरलेले पाणी काही तासांत खालच्या गावी पोहोचे. पाटबंधाऱ्यांचा विचार करणाऱ्यांनी या बाबीकडे पुरेसे लक्ष दिल्याचे दिसत नाही.

पटकी हा व्हिब्रिओ कॉलेरी या स्वल्पविरामाच्या आकाराच्या सूक्ष्मजंतूमुळे होणारा लहान आतड्याचा रोग होय. रोग्याच्या शौचातून बाहेर पडलेला जंतू पाणी व अन्न यांतून निरोगी माणसाच्या पोटात शिरतो. जठरातील अम्लामुळे बहुतेक जंतू मरतात. जे उरतात ते आतड्याच्या अस्तरास चिकटून एक विष तयार करतात. या विषामुळे अस्तराच्या कोशिकांतून (पेशींतून) क्षार व पाणी अखंड बाहेर पाझरू लागते. भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब, उलट्या, हातापायांस गोळे येणे, डोळे खोल जाणे आणि नाडी मंद होणे अशा क्रमाने काही तासांतच निर्जलीभवन (शरीरातील पाणी कमी होणे) होते. तीव्र रोगात उपचार न झाल्यास निम्म्यापर्यंत रोगी दगावतात. जंतू रक्तात शिरत नाही आणि आतड्याचा नाशही करीत नाही. रोगी मरतो तो केवळ पाणी व क्षार गेल्यामुळे. ही गोष्ट ध्यानी येण्यास वैद्यकाला फार काळ लागला.

या रोगाचा परिपाक काल (जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काल) काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो. हा आकडा पालखीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. बारामतीच्या मुक्कामी दूषित पाणी प्यालेला वारकरी त्या रात्री भजनात उभा राहू शकतो. सणसरला तो धडधाकट असतो, आंथुर्ण्यास किंवा निमगावास त्याला पहिले जुलाब होतात आणि इंदापुरास तो आडवा पडतो. म्हणजे रोग जेथे जडला ते गाव आणि जेथे दिसला ते गाव यांत दोन-तीन मुक्कामांचे अंतर पडते. साहजिकच इंदापूर बारामतीस बोल लावी आणि दोघेही वारीस. शिवाय जंतू पोटात असूनही ज्यांना लक्षणे दिसत नाहीत किंवा किरकोळ जुलाब होऊन थांबतात, अशांची संख्या तीव्र रोग्यांपेक्षा पुष्कळच अधिक असते. अशा माणसास ओळखून वाटेत अडविणे कोणत्याही पहाऱ्यास शक्य नव्हते.

ऋतूचाही यात वाटा आहे. वारी ज्येष्ठाच्या उत्तरार्धात निघते व आषाढ शुद्ध एकादशीस पंढरपुरास पोहोचते. उन्हाळ्याने विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि पहिल्या पावसाचे पाणी शिवारातील सर्व घाण घेऊन ओढ्यांत, तेथून पायऱ्यांच्या बारवांत उतरते. महाराष्ट्रात जलजन्य रोगांचा भर जून ते ऑगस्ट या महिन्यांत असतो तो यामुळेच. वारी नसती तरी या भागात पावसाळ्याच्या तोंडावर जुलाबाचे रोग झालेच असते. वारीमुळे त्यांना चालते वाहन मिळाले.

ज्ञात जागतिक साथींपैकी पहिली १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर भागात उद्‌भवली. त्याच वर्षी ती हेस्टिंग्जच्या सैन्यात शिरली आणि पेंढाऱ्यांविरुद्धच्या व मराठ्यांविरुद्धच्या मोहिमांबरोबर दख्खनेत उतरली. १८१८ च्या पावसाळ्यात तिने पुणे गाठले व पनवेलवरून ती मुंबईस गेली. पेशवाई बुडाली त्याच वर्षी हे घडले. वैद्यांना वमन व रेच होणारी विषूचिका पूर्वीपासून माहीत होती. परंतु गावेच्या गावे ओस पाडणारी ही साथ लोकांना नवी वाटली आणि तिचे स्थान जरीमरी, मरीआई या देवतांच्या कक्षेत गेले. मरीआईचा गाडा हा त्यातील लक्षणीय विधी होय. साथ आली की देवीची प्रतिमा, नैवेद्य इ. लहानशा गाड्यावर ठेवून तो वाजतगाजत गावच्या शिवेपर्यंत नेत; पुढच्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर न्यावा अशी अपेक्षा असे. या प्रथेची टवाळी पुष्कळ झाली आहे. तथापि, रोग एका गावाहून दुसऱ्या गावी रस्त्याने जातो, हे निरीक्षण तीत स्पष्ट आहे, आणि त्याच सुमारास हवेतील दूषित वाफांवर भरवसा ठेवणाऱ्या पंडितांपेक्षा ते वस्तुस्थितीच्या अधिक जवळ होते.

जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी व पटकीचे मृत्यू यांचा संबंध दाखवून दिला. त्याच वर्षी फिलिप्पो पाचीनी यांनी रोग्यांच्या आतड्यात सूक्ष्मजंतू पाहिले. पुढे रॉबर्ट कॉख यांनी १८८३ मध्ये ईजिप्तमध्ये व १८८४ च्या आरंभी कलकत्त्यात तो जंतू वेगळा करून ओळखला. कलकत्त्यात त्यांना तो एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त जे. एम्. कनिंगहॅम यांनी मात्र रोग माणसाकडून माणसाकडे जातो हे मत आपल्या कारकीर्दीत मान्य केले नाही. स्थानिक हवा, जमीन व अस्वच्छता यांवर त्यांचा भर होता. संसर्ग मान्य केला असता जहाजांना विलग्नवास (क्वारंटाइन) आणि व्यापारास अडथळा ओघानेच आला असता, हे येथे विसरून चालत नाही. दुसऱ्या बाजूस १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने मक्का व हिंदुस्थानातील यात्रा यांवर पटकीच्या प्रसाराचा ठपका ठेवला. पुढच्याच वर्षी हरद्वारच्या कुंभमेळ्यातून पांगलेल्या यात्रेकरूंमागोमाग उत्तर हिंदुस्थानात मोठी साथ आली. या दोन्ही मतांच्या कात्रीत पंढरपूर सापडले. शासनाच्या अहवालांत यात्रा हे रोगवितरणाचे केंद्र ठरले, पण त्यावर खर्च करण्याची तयारी त्या मानाने अल्प होती.

त्यातून जी उपाययोजना निघाली ती मुख्यतः माणसांना आवरण्याची होती. साथ असल्यास यात्रेस जाऊ नये अशा सूचना काढणे, प्रसंगी यात्रेस मनाई करणे, स्थानकांवर उतारूंची तपासणी करणे, यात्रेकरूंकडून कर घेऊन त्यातून पंढरपुरातील सफाईचा खर्च भागविणे, ही तिची रूपे होत. खेड्यांसाठी मुंबई इलाख्यात १८८९ मध्ये ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. पिण्याचे पाणी राखून ठेवण्याची व विहिरीजवळची घाण हटविण्याची तरतूद करणे हा त्याचा हेतू होता. प्लेगच्या आगमनानंतर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला व प्रवाशांना थांबविण्याचे, तपासण्याचे आणि वेगळे ठेवण्याचे व्यापक अधिकार शासनास मिळाले. पुण्यात त्या अधिकारांचा वापर कसा झाला व त्याची परिणती रँडच्या वधात कशी झाली, हे सर्वश्रुत आहे. घरात शिरणाऱ्या सोजिराची आठवण ताजी असताना वाटेवर टोचणीसाठी उभ्या असलेल्या डॉक्टरकडे वारकऱ्याने संशयाने पाहावे, यात नवल नाही.

दरम्यान वाटही बदलली. बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपुरापर्यंत गेली आणि दौंड–बारामती फाटा १९१४ मध्ये सुरू झाला. पायी चालणाऱ्यास लागणारे दिवस आगगाडीने तासांवर आणले; त्यामुळे यात्रेहून परतणारा रोगी रोगाची लक्षणे दिसण्यापूर्वीच स्वतःच्या गावी पोहोचू लागला. हिंदुस्थान सरकारने १९१० नंतरच्या काही वर्षांत निरनिराळ्या प्रांतांत यात्रासमित्या नेमल्या. त्यांपैकी मुंबई इलाख्याच्या समितीने पंढरपूरची पाहणी करून पाणी, निवारा व मैल्याची व्यवस्था यांतील उणिवांची नोंद केली. यात्रेकरूपेक्षा यात्रास्थळाकडे व वाटेकडे पाहण्याचा हा आरंभ म्हणता येईल. महायुद्धाच्या काळामुळे त्यातून प्रत्यक्षात फारसे उतरले नाही.

पटकीवरील टोचणीची लस वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम स्वतःवर वापरली व १८९३ पासून हिंदुस्थानात तिचे प्रयोग केले. प्लेगवरील त्यांची लस नंतरची, मुंबईत तयार झालेली (१८९७). परळ येथील ज्या प्रयोगशाळेत हे काम वाढले तिला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव देण्यात आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात पंढरपूरच्या यात्रेकरूंना पटकीची लस सक्तीची करण्यात आली. वाटेवरील नाक्यांवर टोचून घेऊन दाखला दाखविल्याशिवाय पुढे जाऊ न देण्याची ही पद्धत जुन्या पिढीच्या चांगल्या स्मरणात होती; दंडावरची सूज आणि अंगातली कणकण घेऊनच पुढची मजल मारावी लागे. या लशीने मिळणारे संरक्षण सुमारे निम्म्याच लोकांना व तेही तीन ते सहा महिने टिके. शिवाय टोचलेला माणूसही जंतू बाळगू व पसरवू शकतो. या कारणास्तव जागतिक आरोग्य सभेने १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीची पटकीच्या टोचणीच्या दाखल्याची अट काढून टाकली. टोचणी निरुपयोगी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण नाक्यावर जी मनुष्यशक्ती खर्ची पडली तिचा काही भाग बारवेवर खर्च झाला असता तर लाभ अधिक झाला असता, असे आजच्या ज्ञानाच्या आधारे म्हणता येते.

बारवेवरील काम साधे, पण चिकाटीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोटॅशियम परमँगॅनेट विहिरीत टाकण्याची रीत सुरू झाली; पाण्यास लालसर जांभळा रंग येत असल्याने खेड्यांत ते ‘लाल औषध’ म्हणून ओळखले गेले. रंग व चव यांमुळे लोक ते पाणी टाळीत व दुसरीकडचे, बहुधा अधिक घाण, पाणी आणीत. त्याची जागा नंतर विरंजक चूर्णाने घेतली. त्यालाच ग्रामपंचायतींच्या व्यवहारात टीसीएल पावडर म्हणतात. ताज्या चूर्णात सु. ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो, परंतु पोते उघडे राहिल्यास किंवा दमट जागी ठेवल्यास तो झपाट्याने उडून जातो. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत तीन मीटर पाणी असल्यास ते सु. ८५ हजार लिटर भरते, आणि दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने अशा विहिरीस किमान सु. २१० ग्रॅम चांगले चूर्ण लागते; पाणी गढूळ असेल तर पुष्कळ अधिक. चूर्ण बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचे पाणी विहिरीत सोडतात व पोहऱ्याने ढवळतात. त्यानंतर अर्धा ते एक तास उपसा बंद ठेवावा लागतो. एवढे करूनही पाण्यात शेष क्लोरीन उरला आहे की नाही हे पाहावे लागते. चाचणीच्या नळीत पिवळा रंग न आल्यास सर्व श्रम वाया गेलेले असतात. पालखीच्या गर्दीत विहिरीचा उपसा तासाभरासाठी थांबविणे ही या कामातील खरी अडचण होय. म्हणून आता मुक्कामाच्या गावांत पालखीपूर्वी काही दिवस सर्व उद्‌भवांची तपासणी होते, पाण्याचे टँकर भरण्याची ठिकाणे ठरवून तेथेच क्लोरीन मिसळला जातो आणि खाद्यपदार्थांची दुकाने तपासली जातात. ग्रामपंचायतीतील जलसुरक्षक, आरोग्यसेवक व आशा कार्यकर्त्या यांच्याकडे हे काम असते. उजनी धरणानंतर इंदापूर तालुक्याची पाण्याची स्थिती पालटली असली, तरी धरणाच्या फुगवट्यातील पाणी वरच्या शहरांचे सांडपाणी घेऊन येते, ही नवी चिंता आहे.

उपचारांतील क्रांती मात्र बंगालमध्ये झाली. लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात विसाव्या शतकाच्या आरंभी शिरेवाटे तीव्र क्षारद्राव देऊन मृत्यूचे प्रमाण बरेच खाली आणले. पटकीचा जंतू विष निर्माण करतो हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. साखर आतड्यात शोषली जाताना सोबत सोडियम व पाणी ओढून नेते आणि ही यंत्रणा पटकीतही शाबूत असते, या शोधावर तोंडाने द्यावयाच्या क्षार-साखर मिश्रणाची उपाययोजना उभी राहिली. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेवाटे देण्याचे द्राव संपत आले असता दिलीप महालनबीस यांनी हे मिश्रण मोठ्या प्रमाणावर वापरले व मृत्यूचे प्रमाण ३ ते ४ टक्क्यांपर्यंत उतरविले. पालखीमार्गावर याचा अर्थ असा झाला, की जे काम पूर्वी रुग्णालयातच शक्य होते ते आता दिंडीबरोबर चालणारा आरोग्यसेवक झाडाखाली बसून करू शकतो. रोगी वेळीच पाणी पिऊ लागला तर शंभरात एकही दगावू नये, अशी आजची स्थिती आहे. १९६४ मध्ये भारतात आलेला एल टॉर हा जंतुप्रकार सौम्य रोग करणारा, पण पाण्यात अधिक टिकणारा आहे. म्हणून मृत्यू घटले तरी जंतू नाहीसा झालेला नाही.

मैल्याचा प्रश्न सर्वांत उशिरा हाती घेण्यात आला. लाखो माणसांच्या एका रात्रीच्या मुक्कामाने गावाभोवतीच्या शेतांची जी अवस्था होई, तिच्याविषयी सभ्य लेखनात मौन पाळण्याची रीत होती. पंढरपुरात तर हे काम पिढ्यान्‌पिढ्या हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या माथी होते. त्यांचा प्रश्न २०१० नंतरच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. वारकऱ्याच्या निरोगीपणाची किंमत कोणी मोजली, हे सांगताना या कामगारांचा उल्लेख टाळणे योग्य नव्हे. २०१५ पासून ‘निर्मल वारी’ या उपक्रमाखाली मुक्कामांच्या गावी फिरती शौचालये उभी करण्यात येऊ लागली. ती किती आहेत यापेक्षा पाणी, प्रकाश व वेळेवर उपसा यांची सोय आहे काय, यावर त्यांचा वापर अवलंबून असतो. स्त्रियांच्या बाबतीत तर उजेड हीच पहिली गरज असते.

२०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच कायदा पुन्हा लागू केला. श्वसनमार्गाने पसरणाऱ्या विषाणूपुढे शुद्ध पाण्याचा उपाय अपुरा होता. येथे गर्दी हेच प्रसाराचे साधन होते. त्यामुळे माणसांना थांबविण्याचा जो उपाय पटकीबाबत चुकीच्या ठिकाणी लावला गेला होता, तो या वेळी योग्य ठरला. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी पायी वारी झाली नाही. मोजक्या मानकऱ्यांसह पादुका राज्य परिवहन महामंडळाच्या सजविलेल्या बसगाड्यांतून पंढरपुरास नेण्यात आल्या. दंडेलीशिवाय, वारकरी संप्रदायाच्या प्रमुखांशी बोलून हे घडले, हा १८९७ शी तुलना करता मोठा फरक होय. पालखीला काटेवाडीच्या पायघड्या आणि बेलवाडी व इंदापूर येथील रिंगणे त्या दोन वर्षी लाभली नाहीत. २०२२ च्या जूनमध्ये पालखी पुन्हा पायी निघाली आणि बारामती-इंदापुरातील गावांत विहिरी, हातपंप व टाक्या यांच्या शुद्धीकरणाचे काम नेहमीप्रमाणे तिच्या आधी सुरू झाले.